बिल फेकू नका

२०१२ साली आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहायला आलो, तेव्हा तिथल्या मोठ्या सुपरमार्केटांमध्ये भावावरून चांगलीच जुंपलेली होती. मंदीनंतर लोक हात आखडून खर्च करत होते. आल्डी आणि लिडल ही जर्मन दुकानं स्वस्त मालावर गिऱ्हाइकं ओढत होती. टेस्को, सेन्सबरीज, अ‍ॅझ्डा आणि मॉरिसन्स या चार बड्या दुकानांना एकच धास्ती होती, की आपलं गिऱ्हाईक भाव विचारत दुसऱ्याच्या दारात जाईल. त्या चढाओढीतून प्राइस मॅचची व्हाउचरं आली. आमच्याकडे घेतलेल्या वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळत असतील तर फरक आम्ही भरून देऊ, पण रोख नाही, पुढच्या खरेदीत वजा करून, अशी ती बोली होती.

आमच्या घरात तेव्हा एकाचाच पगार येत होता. मुलगी लहान होती आणि पाळणाघराची फी भरायची तर मी नोकरी करून मिळवलेलं सगळं तिथेच गेलं असतं, म्हणून मी घरी होते. घरभाडं, काउन्सिल टॅक्स, वीज-गॅस हे आकडे ठरलेले. त्यांत इकडचं तिकडे करायला जागा नाही. जिथे काही करता येईल असा एकच खर्च होता, तो वाणसामानाचा. त्यामुळे या व्हाउचरांकडे मी छंद म्हणून पाहिलं नाही. घरातल्या कामांपैकी ते एक काम होतं आणि मी ते मन लावून केलं.

त्या वेळी सगळ्यात भरघोस योजना अ‍ॅझ्डाची होती. बाकीचे 'दुसऱ्याच्या भावात देऊ' म्हणत होते, अ‍ॅझ्डाने २०११पासून 'दुसऱ्यापेक्षा दहा टक्के स्वस्त देऊ' असं म्हणायला सुरुवात केली होती. एका बिलात किमान आठ वेगवेगळ्या वस्तू हव्यात एवढी अट. घरी येऊन त्यांच्या वेबसाइटवर बिलावरचे आकडे भरायचे, की आपली खरेदी टेस्को, सेन्सबरीज, मॉरिसन्स आणि वेट्रोज यांच्या भावांशी ताडून समोर यायची. ही तुलना अ‍ॅझ्डा स्वतः करत नसे, मायसुपरमार्केट नावाची भाव जुळवून दाखवणारी वेगळी वेबसाइट करत असे. समजा, तुलना करता येण्यासारख्या वस्तूंचे अ‍ॅझ्डात ३० पाऊंड झाले आणि त्याच वस्तू टेस्कोत २९ पाऊंडांना मिळत होत्या. २९ वर दहा टक्के कमी म्हणजे २६ पाऊंड १० पेन्स. मग ३ पाऊंड ९० पेन्सचं व्हाउचर यायचं. ते छापून घ्यायचं आणि मुदतीच्या आत वापरायचं. बिल भरायलाही २८ दिवसांची मुदत होती.

यातली खरी मेख अशी, की तुलना एकेका वस्तूची होत नसे, सगळ्या मिळून एकूण रकमेची होत असे. अ‍ॅझ्डात एखादी वस्तू टेस्कोपेक्षा ५० पेन्स महाग आणि दुसरी ५० पेन्स स्वस्त असेल, तर दोन्ही एकाच बिलात आल्या की फरक शून्य. म्हणजे अ‍ॅझ्डाच्या स्वस्त वस्तूच आपलं व्हाउचर खाऊन टाकायच्या. हे लक्षात आल्यावर मी ट्रॉलीतला माल टिलवर, म्हणजे पैसे द्यायच्या काउंटरवर, दोन भागांत मांडू लागले, मध्ये ती प्लॅस्टिकची आडवी पट्टी ठेवून. ज्या वस्तू दुसऱ्या दुकानात त्या आठवड्यात ऑफरमध्ये आहेत त्या एका बिलावर, आणि अ‍ॅझ्डात मुळातच स्वस्त असलेल्या दुसऱ्या बिलावर. टिलवरच्या बाईंना याचं काही वाटत नसे. अशी दोन बिलं करणारे आणखीही लोक होते.

दुसऱ्या दुकानातली ऑफर काय आहे हे आधी ठाऊक असलं पाहिजे, तर यात अर्थ. टेस्कोत कपडे धुण्याची पावडर अर्ध्या किमतीत आली, की ती मी टेस्कोत न घेता अ‍ॅझ्डात पूर्ण भावाने घ्यायची, कारण फरक तर परत येणारच, वर आणखी दहा टक्के. एकावर एक फुकट असेल तर नग दोन घ्यायचे, तरच ती ऑफर तुलनेत धरली जायची. इन्स्टंट कॉफी, डिशवॉशरच्या गोळ्या, लहान मुलांचे डायपर, शॅम्पू, बिस्किटं हा सगळा माल असा, की कुठल्या ना कुठल्या दुकानात अर्ध्या भावात असायचाच. दूध, अंडी, केळी, बटाटे यांत मात्र सगळ्यांचे भाव जवळपास सारखे, तिथे फारसं काही हाती लागत नसे.

आपल्या लोकांसाठी यातला खरा मोसम रमजानचा. स्लाऊमध्ये पंजाबी आणि पाकिस्तानी वस्ती मोठी. रमजान जवळ आला की सुपरमार्केटच्या दारातच बासमतीच्या दहा-दहा किलोंच्या गोण्या, एलिफंट आट्याच्या थैल्या, तेलाचे मोठे कॅन, खजुराची खोकी रचलेली दिसत. या मालाचे भाव तेव्हा चारही दुकानं एकमेकांकडे पाहून उतरवत आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा एकदा. टिल्डा या ब्रँडच्या बासमतीची गोणी कुठल्याही दुकानात तीच, आटाही तोच, त्यामुळे तुलनेला अगदी सरळ. एका दुकानाने गोणीचा भाव खाली आणला की बाकीच्यांनी तो आणेपर्यंत मध्ये थोडे दिवस जात. तेवढ्या दिवसांत गोणी आणि तिच्याबरोबर आणखी सात वस्तू, असं बिल करायचं. एका गोणीवरचा फरकच इतका असे, की ते व्हाउचर आठवड्याच्या भाजीपाल्याला पुरायचं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, म्हणून आम्ही आलो तेव्हा जुलैत असलेला हा मोसम २०१८पर्यंत मे महिन्यात आला. आमच्या घरी तांदूळ भरायचा महिना त्याच्याबरोबर सरकत गेला.

पोहे, ज्वारीचं पीठ, आमसुलं, कढीपत्ता यांच्यासाठी फार्नम रोडवरची आपली दुकानंच. तिथे व्हाउचर वगैरे काही नाही, कोथिंबिरीच्या तीन जुड्या एक पाऊंड, संपलं. तूरडाळीचा भावही बहुतेक तिथेच बरा पडे. व्हाउचर मिळतं म्हणून डाळ सुपरमार्केटात घेणं हा तोट्याचा व्यवहार होता, आणि तो तोटा नुसतं बिल पाहून दिसत नाही. त्यासाठी किलोचा भाव पाहावा लागतो. ब्रिटनमध्ये बहुतेक वाणसामानाच्या खाली फळीवरच्या पट्टीवर किलोचा किंवा शंभर ग्रॅमचा भाव लिहिणं मोठ्या दुकानांना कायद्याने बंधनकारक आहे. बारीक अक्षरांत असतो, पण असतो. मी तो वाचायला शिकले ती याच काळात. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हा माझा समज त्या बारीक अक्षरांनी बऱ्याच वेळा मोडला.

आमच्या शेजारी एक गुजराती आजी राहायच्या. सगळे त्यांना मासी म्हणत, म्हणून मीही मासीच म्हणू लागले. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने १९७२ साली तिथून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा जी सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली त्यांतल्या त्या एक. कंपालातलं चांगलं चालतं दुकान सोडून दोन सुटकेसांनिशी आलेलं घर. मासींना भावाची जाण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होती. कुठली भेंडी कोवळी आणि कुठल्या आठवड्यात तेल उतरणार, हे त्या बसल्या जागी सांगायच्या. त्या दर आठवड्याला बसने अ‍ॅझ्डात जायच्या आणि बिल दुकानाच्या दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून घरी यायच्या. कारण घरात ना संगणक, ना प्रिंटर.

मी एकदा त्यांच्याबरोबर होते. बिल डब्याकडे निघालेलं पाहून मी म्हटलं, "मासी, बिल फेकू नका, माझ्याकडे द्या." घरी येऊन आकडे भरले, व्हाउचर छापून त्यांना नेऊन दिलं. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बेटा, हे आधीपासून मिळत होतं?" त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटलं. मिळत होतं. जाहिरात टीव्हीवर सारखी चालू होती. मासींनी ती पाहिलीही होती. पण दुकान आणि पैसे यांच्यामध्ये एक वेबसाइट, एक ईमेल पत्ता आणि एक छपाईयंत्र उभं होतं, आणि ते पार करणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

त्यानंतर त्या बिलं आणून देऊ लागल्या. मग वरच्या मजल्यावरची पोलिश बाई देऊ लागली. तिच्याकडे फोन होता, पण प्रिंटर नव्हता, आणि लायब्ररीत छापायचं तर पानामागे पैसे पडतात. तिला दोन मुलगे, नवरा गोदामात रात्रपाळीला. मग आपल्याच मंडळींपैकी एक कुटुंब. आमच्या जेवणाच्या टेबलावर एका वाटीत सगळ्यांची बिलं जमायची, मागच्या बाजूला नाव लिहिलेली, आणि मुलगी झोपली की मी ती बिलं घेऊन बसायची. ज्याचं त्याचं व्हाउचर ज्याला त्याला. या कामात मला जेवढं समाधान मिळालं तेवढं स्वतःच्या व्हाउचरांत मिळालं नाही, हे अगदी खरं आहे.

याचं कारण मला माझ्या माहेरात सापडतं. मी डोंबिवलीत वाढले आणि आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. १९७५ साली सुरू झालेल्या या संस्थेत शेजारपाजारची घरं मिळून एक संघ करतात. महिन्याची यादी आधी भरून द्यायची, संस्था सगळ्यांचा माल एकत्र घेते, आणि ठरलेल्या दिवशी तो संघातल्या एकीच्या घरी उतरतो. आमच्याकडे पाळी असली की बाहेरच्या खोलीत गहू, डाळी, साखर, साबण, उटणं असं सगळं मांडलेलं असायचं. बायका यादीप्रमाणे एकेका घराचा माल वेगळा काढायच्या, पैशांचा हिशेब मिळवायच्या. कुणाचं काही कमी आलं तर तिथल्या तिथे बोलायचं. पिशव्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावायचं काम आम्हा मुलांकडे. तिथे स्वस्ताई एकेकट्याच्या हुशारीवर अवलंबून नव्हती. जिला हिशेब जमत नाही तिलाही तोच भाव आणि जी कॉलेजात गणित शिकवते तिलाही तोच.

व्हाउचरांचा सगळा घाट याच्या उलटा. जो वेळ काढील, ज्याला यंत्र जमेल, जो मुदत लक्षात ठेवील, त्याला पैसे परत. बाकीच्यांनी फक्त जाहिरात ऐकायची. दुकानाला हे परवडतं, कारण बरीच बिलं कधी भरलीच जात नाहीत आणि छापलेली बरीच व्हाउचरं मुदतीत वापरली जात नाहीत. भरली-वापरली, तरी गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येतं. ३ पाऊंड ९० पेन्सचा कागद हातात असला की पाय तिकडेच वळतात, आणि चार पाऊंडांचा कागद वापरायला गेलेलं माणूस चार पाऊंडांचंच सामान घेऊन परत येत नाही. म्हणून व्हाउचर आलं की मी आधी यादी करायची, मग घराबाहेर पडायचं. यादीत नाही ते घ्यायचं नाही.

आम्ही शेजारणींनीही मग थोडं संघासारखं सुरू केलं. दहा किलोंचा आटा तिघांच्या घरात संपेपर्यंत शिळा होतो, गोणी घेऊन ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नसते. म्हणून गोणी एकीने घ्यायची आणि वाटून घ्यायची, हिशेब वहीत. व्हाउचर जिच्या बिलावर आलं तिचं नव्हे, गोणीत वाटा असलेल्या सगळ्यांचं, हे मासींनी ठरवून दिलं. दुकान चालवलेली बाई, तिचा हिशेब चोख.

इतर दुकानांच्या योजनांबद्दल थोडं सांगते. सेन्सबरीजचं 'ब्रँड मॅच' २०११मध्ये देशभर आलं. त्यात फक्त ब्रँडच्या मालाची तुलना, पण टिलवरच बिलाबरोबर कूपन छापून हातात. मासींसाठी हे सगळ्यात सोयीचं, कारण यात मध्ये वेबसाइट नाही. टेस्कोचं 'प्राइस प्रॉमिस' २०१३चं. तेही टिलवरच, दहा पाऊंडांपर्यंत, आणि त्यात दुकानाच्या स्वतःच्या नावाचा मालही धरलेला. त्यावरून सेन्सबरीजने जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. आमचं हॅम ब्रिटिश मांसाचं, त्यांचं तसं नाही, मग दोन्ही सारखं कसं म्हणता, असा त्यांचा सवाल. तक्रार फेटाळली गेली. आमच्या घरात हॅम येत नाही, तरी हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला आणि आजही वाटतो. दोन डब्यांवर सारखंच नाव आणि सारखाच भाव असला म्हणून आतला माल सारखा ठरत नाही. टोमॅटोच्या डब्यात टोमॅटो किती आणि रस किती, हे डबा उलटा करून वाचल्याशिवाय स्वस्त काय ते कळत नाही. मॉरिसन्सने २०१४मध्ये थेट आल्डी आणि लिडलशी तुलना करून फरकाचे गुण कार्डावर द्यायला सुरुवात केली. ५,००० गुण जमले की पाच पाऊंडांचं व्हाउचर. मासींनी एकच प्रश्न विचारला, "पैशाला पैसे का म्हणत नाहीत हे?" आणि ते कार्ड घेतलं नाही. मलाही ती योजना आवडली नाही. फरक पेन्समध्ये सांगितला की मनात हिशेब राहतो, गुणांत सांगितला की राहत नाही.

मग एकेक योजना बंद होत गेली. मॉरिसन्सने वर्षभरात भावाची तुलना थांबवली. सेन्सबरीजचं ब्रँड मॅच एप्रिल २०१६मध्ये गेलं. टेस्कोने २०१५मध्ये फरक टिलवरच वजा करायला सुरुवात केली होती, ती सोय २०१८च्या जुलैत संपली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अ‍ॅझ्डाची दहा टक्क्यांची हमीही. मायसुपरमार्केट वेबसाइट २०२०मध्ये बंद झाली, आणि सगळ्या दुकानांचे भाव एका जागी पाहण्याची आमची सवयही तिच्याबरोबर गेली. दुकानांचं म्हणणं असं, की लोकांना कागद नकोत, सरळ कमी भाव हवेत. ते चुकीचं नाही. मासींसारख्या माणसांच्या दृष्टीने तर फळीवर लिहिलेला कमी भाव कुठल्याही व्हाउचरपेक्षा चांगला. २०२०मध्ये टेस्कोने आणि पुढच्या वर्षी सेन्सबरीजने आल्डीच्या भावात माल द्यायला सुरुवात केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्यात वस्तू दुकानाने निवडलेल्या असतात, आपल्या यादीतल्या सगळ्या नसतात. पण जे आहे ते सगळ्यांना सारखं.

पण त्याच सुमाराला कार्डाचे भाव आले. टेस्कोत त्यांचं क्लबकार्ड, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांचं कार्ड, असेल तर एक किंमत, नसेल तर दुसरी. सेन्सबरीजने २०२३मध्ये नेक्टर कार्डावर तेच सुरू केलं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ब्रिटनमधली खाण्यापिण्याच्या वस्तूंची महागाई १९ टक्क्यांच्या वर गेली होती, १९७७नंतरची सगळ्यात जास्त. दूध, चीज, तेल, पास्ता, सगळंच वर. अशा वेळी लोण्याच्या एकाच वडीला फळीवर दोन भाव, आणि त्यांतला कमी भाव कार्ड असलेल्यांचा. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी स्पर्धा आयोगाने सुमारे ५० हजार वस्तू तपासून सांगितलं, की कार्डावरचे ९२ टक्के भाव खरोखरच दुकानाच्या नेहमीच्या भावापेक्षा कमी आहेत. बरं झालं. पण म्हणजे कार्ड नसलेला माणूस त्या वस्तूंना खरोखरच जास्त पैसे देतो.

मासींचं क्लबकार्ड मी करून दिलं आहे, प्लॅस्टिकचं, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेलं. अ‍ॅझ्डाचं नवं बक्षिसांचं प्रकरण मात्र फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आहे, आणि मासींचा फोन बटणांचा. त्यांच्या बिलांवरचा फायदा पुन्हा एकदा डब्यात जातो आहे, आणि या खेपेला बिल माझ्याकडे आणून देण्याचा उपयोग नाही.

व्हाउचरांच्या त्या वर्षांत आमच्या घराचे पैसे वाचले, पुढे मुलगी पाळणाघरात जाऊ लागली तेव्हाचे पहिले महिने त्यावर निघाले, आणि त्याबद्दल मला समाधान आहे. पण आता कुणी मला विचारलं की सुपरमार्केटांनी काय करावं, तर मी एवढंच मागेन. ज्यांच्याकडे फोन नाही, ईमेल नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक टिलवर एक कार्ड ठेवावं आणि टिलवरच्या माणसाने ते न विचारता स्कॅन करावं. आमच्या जवळच्या एका दुकानात टिलवर बसणाऱ्या एक बाई म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी स्वतःच्या मनाने हे करतात. त्यांना असं लपूनछपून करावं लागू नये.